टायरपुराण

ट्रॅकवर गाडी न्यायची ठरली की माणूस सगळ्यात आधी सायलेन्सर बदलतो. मग एअर फिल्टर, मग रंगीत लिव्हर्स, मग हेल्मेटवर कॅमेरा. टायरची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. आणि समजा नसलाच, तर प्रश्न एकच असतो, "सगळ्यात चिकट टायर कुठला रे?"

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने महिन्याभरापूर्वी हाच प्रश्न मला विचारला. त्याच्याकडे केटीएम आरसी ३९० आहे, चेन्नईचा ट्रॅक-डे बुक झालाय आणि एक दुकानदार रेसिंगच्या मऊ कंपाउंडची जोडी त्याच्या गळ्यात मारायच्या बेतात आहे. उत्तर द्यायला बसलो तर दोन चहा झाले, टिश्यू पेपरवर आकडेमोड झाली, तरी पुराण संपेना. म्हणून म्हटलं, या शनिवारी सगळं एकदा लिहूनच काढू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, आपलीच गाडी आणायची, आणि बंद ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये हवी तशी चालवायची. समोरून ट्रक येत नाही, वळणावर वाळू नसते, म्हैस नसते. दक्षिणेत यासाठी दोन जुनी ठिकाणं आहेत. एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, १९९० पासून चालू असलेला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, आणि दुसरा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे. आपण पुणेकर मंडळी गाडी ट्रकवर चढवून तिकडे जातो आणि सोमवारी अंग दुखत ऑफिसात बसतो.

आता टायर. सगळ्यात आधी एक हिशोब. गाडी आणि रायडर मिळून धरा २४५ किलो. टायरमध्ये हवा ३० पीएसआय. वजन भागिले हवेचा दाब केलं की रस्त्याला टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ ढोबळमानाने निघतं. दोन्ही चाकांचं मिळून साधारण ११५ चौरस सेंटीमीटर येतं, म्हणजे एका चाकाचं ५८. तुमच्या पाकिटातलं क्रेडिट कार्ड ४६ चौरस सेंटीमीटरचं असतं. तर मंडळी, ताशी दीडशेला आपण सव्वा-सव्वा क्रेडिट कार्डांवर बसलेलो असतो. इंजिनाची ताकद, महागडे ब्रेक, एबीएस, आपलं कौशल्य, सगळं त्या सव्वा कार्डातूनच रस्त्यापर्यंत पोचतं.

यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर २००५ सालची अमेरिकन ग्रां प्री आठवा. इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर शेवटचं वळण उतरतं बांधलेलं आहे, म्हणजे रस्ताच आतल्या बाजूला कललेला. शुक्रवारच्या सरावात तिथे राल्फ शूमाकरच्या गाडीचा टायर फुटला. तपासाअंती मिशेलिनच्या लक्षात आलं की आपले टायर त्या वळणाचा भार पूर्ण शर्यतभर सहन करतील याची खात्री देता येत नाही. त्या वर्षी नियम असा होता की पात्रता फेरी आणि शर्यत एकाच संचावर काढायची. बऱ्याच वाटाघाटी झाल्या, तोडगा निघाला नाही. १९ जूनला फॉर्मेशन लॅप संपवून मिशेलिनवाल्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये शिरल्या आणि ब्रिजस्टोनवाल्या उरलेल्या ६ गाड्यांनी शर्यत केली. मायकेल शूमाकर जिंकला. आणि चौथा कोण आला? आपला नारायण कार्तिकेयन, जॉर्डनमधून! त्या मोसमात जॉर्डनची गाडी मागच्या रांगांतली. पण त्या दिवशी जगातली उत्तमोत्तम इंजिनं गॅरेजमध्ये उभी होती आणि आपला माणूस गुण मिळवत होता. फरक टायरचा.

तेव्हा टायर महत्त्वाचा, हे ठरलं. म्हणजे सगळ्यात चिकट घ्यायचा का? इथेच खरी गंमत आहे.

गाडी वळणात ४५ अंश झोपवली की टायरला लागणारी आडवी पकड बरोबर वजनाइतकी होते, म्हणजे १ जी. (टायरची रुंदी, सीटवरून आत लटकणं वगैरे बारकावे सध्या बाजूला ठेवू.) ५० मीटर त्रिज्येच्या वळणात हे ताशी ८० किलोमीटरला घडतं. कोरड्या, स्वच्छ डांबरावर नीट तापलेला बरा स्पोर्ट टायर साधारण एवढी पकड देतो. आता ट्रॅकवर पहिल्या-दुसऱ्यांदा आलेला रायडर किती झोपवतो? चांगला असला तर ३५ अंश. त्याचा हिशोब येतो ०.७ जी आणि ताशी ६७. म्हणजे जवळजवळ ३० टक्के पकड त्याने खर्चच केलेली नाही. ती टायरमध्ये तशीच पडून आहे, फिक्स्ड डिपॉझिटसारखी.

आणि समजा त्याने १० टक्के जास्त पकड देणारा रेसिंग टायर घातला, तरी वेग पकडीच्या वर्गमुळानेच वाढतो. ८० चे होतात ८४. तेही तो आधीची सगळी पकड वापरत असेल तरच. ६७ ने जाणाऱ्याचे ६७ च राहतात. हे चार किलोमीटर ज्याला स्टॉपवॉचवर दिसतात त्याने जरूर रेसिंग टायर घ्यावा. बाकीच्यांना ते पैसे एखाद्या रायडिंग स्कूलच्या दिवसावर लावून कितीतरी जास्त वेग मिळतो, आणि सुरक्षितपणाही.

बरं, पकड फक्त वळायला लागत नाही. ब्रेकही त्याच खात्यातून पैसे काढतो. एकूण १ जी शिल्लक असताना वळणात ०.७ वापरले तर ब्रेकसाठी अजून ०.७ उरतात (वर्गांची बेरीज, पायथागोरस, शाळा आठवा). वळणात ०.९ वापरले तर ब्रेकसाठी जेमतेम ०.४४. म्हणूनच पूर्ण झोपवलेल्या गाडीचा ब्रेक घाबरून दाबला की पुढचं चाक जातं. तिथे टायरला दोष देण्यात अर्थ नसतो, खात्यात तेवढे पैसेच नव्हते.

आता मऊ रेसिंग टायर रस्त्यावर का नको, ते बघू. रबर धड स्प्रिंग नाही आणि धड चिखलही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी आहे. डांबरातले खडे त्यात रुततात, रबर पूर्वपदावर यायला जरा उशीर लावतं, आणि त्या उशिरातून पकड मिळते. त्याच वेळी रबर आतून तापतं. शिवाय रबराचे रेणू डांबराला क्षणभर चिकटतात, तोही वाटा आहे, पण त्याला जागा कोरडी आणि स्वच्छ लागते. या दोन्ही गोष्टी तापमानावर अवलंबून. थंड रबर कडक, फार तापलेलं रबर फाटायला लागतं, आणि मध्ये एक खिडकी असते जिथे ते नीट काम करतं. साध्या रस्त्याच्या टायरची खिडकी बरीच खाली सुरू होते, सिंहगड रोडला सिग्नलवरून निघाल्या निघाल्या चालते. शुद्ध रेसिंग स्लिकची खिडकी इतकी वर असते की त्याला आधी विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ८० अंशांच्या आसपास तापवतात. ते रबर थंडीत सकाळी सात वाजता हायवेवर काढलं तर ते कधी तापतच नाही. आणि पाऊस आला तर पाणी काढायला खाचाही पुरेशा नाहीत.

ढोबळमानाने चार पायऱ्या आहेत. पहिली टूरिंग, जशी मिशेलिनची रोड मालिका. ते टायर भरपूर टिकतात आणि पावसात भरवशाचे असतात. दुसरी स्पोर्ट, जशी पिरेलीची डायब्लो रोसो. तिसरी ट्रॅककडे झुकलेली पण रस्त्यावर चालणारी, जसा डायब्लो सुपरकोर्साचा एसपी. चौथी पायरी निव्वळ रेसिंगची, मऊ कंपाउंड आणि स्लिक. वर्षातून एक-दोन ट्रॅक-डे आणि उरलेले साडेतीनशे दिवस हिंजवडी, असा ज्याचा हिशोब आहे त्याला माझं उत्तर दुसरी पायरी. गाडी ट्रकवरूनच ट्रॅकला जात असेल आणि वर्षाला पाच-सहा दिवस होत असतील तर तिसरी. चौथी पायरी ज्याला लागते तो मला विचारायला येणार नाही. :-)

मित्राची गोष्ट याच ठिकाणी मिटली. मी त्याला एवढंच विचारलं, "दर महिन्याला बायकोला मागे बसवून कोल्हापूरला जातोस, तेव्हा खंबाटकीत पाऊस लागला तर याच टायरवर उतरणार ना?" तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने स्पोर्ट टायर घेतले आणि उरलेल्या पैशांत लेदरचा सूट भाड्याने घेतला.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, तारीख. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर जो कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पूर्ण कोड पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो, तेव्हा उलटून बघायचा आळस करू नका. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून परदेशी टायरच्या मापांची मारामार होत आली आहे आणि जुना माल नवा म्हणून निघतो. मला एका दुकानात "कालच आला" म्हणून दाखवलेला टायर साडेचार वर्षांचा होता. नख लावून बघितलं तर बाटलीच्या बुचासारखा कडक. मी ट्रॅकसाठी दोन वर्षांपेक्षा जुना टायर घेत नाही.

दुसरी, माप. ३९० ला पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० बसतो. "मागे १६० टाक, लूक येतो" असं सांगणारे दर चौकात भेटतात. पण रिम तेवढीच राहते, रुंद टायर तिच्यात चेपून बसतो, त्याचा गोलवा बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. लूक पार्किंगमध्ये येतो, वळणात जातो.

तिसरी, जोडी. पुढे-मागे एकाच मालिकेचे टायर घ्या. पुढचा नवा आणि मागचा गोटा झालेला, किंवा एक रेडियल आणि एक साधा, ही खिचडी ट्रॅकवर नको. आणि नवी जोडी थेट ट्रॅकवर नेऊ नका. नव्या टायरची वरची कातडी गुळगुळीत असते, ती शे-दीडशे किलोमीटर शांतपणे चालवून घासली जाऊ द्या.

आता हवा. टायर कुठलाही असो, त्यातून जास्तीत जास्त काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय हवा हाच आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षितही. पंक्चरवाल्याच्या गेजवर विसंबू नका. स्वतःचं बऱ्यापैकी गेज घ्या आणि नेहमी तेच वापरा. ते एखाद पीएसआय चुकीचं दाखवत असलं तरी हरकत नाही, रोज तेवढंच चुकलं म्हणजे झालं.

हवा तापली की दाब वाढतो हे आठवीतलं विज्ञान. गेज वातावरणाच्या दाबाच्या वरचा आकडा दाखवतं, म्हणून ३० पीएसआय म्हणजे खरे ४४.७. सकाळी २५ अंशांना ३० भरले आणि आतली हवा ४५ अंशांवर गेली तर गेज ३३ दाखवेल, ६५ वर गेली तर ३६. दर दहा अंशांना दीड पीएसआय एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आता जुने रायडर एक आडाखा सांगतात: फेरीनंतर पुढच्या टायरचा दाब थंड असतानापेक्षा १० टक्के आणि मागच्याचा २० टक्के वाढलेला हवा. वरच्या हिशोबात बसवून बघा, म्हणजे पुढची हवा साधारण २० अंश आणि मागची ४० अंश तापायला हवी. हा आडाखा म्हणजे थर्मामीटरशिवाय तापमान मोजण्याची युक्ती आहे, हे मला फार आवडतं.

आणि याचा उलगडा जरा उलटा आहे. वाढ आडाख्यापेक्षा जास्त झाली तर सुरुवातीला हवा कमी होती. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त तापतो, म्हणून दाब जास्त चढतो. अशा वेळी पुढच्या फेरीला हवा काढायची नाही, थोडी वाढवायची. वाढ कमी झाली तर हवा जास्त होती, एखाद-दीड पीएसआय काढून बघा. सुरुवात मात्र कंपनीने एकट्या रायडरसाठी दिलेल्या आकड्यावरून करा, किंवा टायर कंपनीचा ट्रॅकसाठीचा तक्ता असेल तर त्यावरून. कुणी "मी २२ ठेवतो" म्हणाला तर त्याचा टायर वेगळा आहे, वजन वेगळं आहे आणि वेगही वेगळा आहे.

आणखी एक गंमत. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. इथे वातावरणाचा दाब चेन्नईपेक्षा जवळजवळ १ पीएसआय कमी. म्हणजे पुण्यात ३० भरून ट्रकवर चढवलेली गाडी तेवढ्याच तापमानाला चेन्नईत २९ दाखवते. हवा कुठेही गळलेली नसते. शिवाय सकाळी सहा आणि दुपारी दोन यांत पंधरा अंशांचा फरक धरला तर अजून सव्वादोन. म्हणून हवा ट्रॅकवर पोचल्यावर भरायची, सकाळी, सावलीत, टायर थंड असताना. एक चाक उन्हात आणि एक सावलीत असं उभं करून मोजलंत तर आकड्यांचा काही उपयोग नाही.

ट्रॅकवर उतरल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या टायरच्या. डावीकडे-उजवीकडे हेलकावे देऊन टायर तापतो ही टीव्ही बघून झालेली समजूत आहे. मोटारसायकलचा टायर सरळ रेषेत जोमाने ब्रेक आणि थ्रॉटल दिल्याने जास्त तापतो, कारण त्याने तो खऱ्या अर्थाने चेपला जातो. झोपवणं प्रत्येक फेरीला थोडं थोडं वाढवा. आणि हे विसरू नका: घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात, त्यामुळे टायरची उजवी बाजू आधी तापते. लागोपाठ चार उजव्या वळणांनंतर पहिलं डावं वळण येतं ते अजून थंड असलेल्या रबरावर.

फेरी संपवून आलात की आधी गेज लावा, मग पाणी प्या, मग गप्पा. पाच मिनिटं गप्पा झाल्या की आकडा गेला. त्यानंतर टायरकडे बघा. पॉलिश पेपरसारखा बारीक, एकसारखा खरबरीत आणि काळा मॅट दिसला तर सगळं ठीक. कडेला रबराचे बारीक मणी जमले असतील तर कडेपर्यंत काम झालंय. खवणीवर खोबरं किसावं तसा फाटला असेल तर दाब, तापमान किंवा सस्पेन्शन यांपैकी काहीतरी बिनसलंय. गुळगुळीत, चकाकता आणि हाताला फार गरम असेल तर थोडा आराम द्या, त्यालाही आणि स्वतःलाही. कडेची न वापरलेली पट्टी बघून मित्र चिडवतील. चिडवू द्या. ती पट्टी म्हणजेच वर सांगितलेलं फिक्स्ड डिपॉझिट.

मी एक साधी वही ठेवतो. वेळ, हवामान, थंड दाब, गरम दाब, टायर कसा दिसला, गाडी कशी वाटली. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आपल्या धंद्यात एकाच चेक-इनमध्ये चार बदल करणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच इथेही लागू. दाब आणि सस्पेन्शन एकदम बदललं आणि गाडी छान वळली, तर कशामुळे वळली हे कधीच कळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या ट्रॅक-डेला ही वही कुठल्याही चिकट कंपाउंडपेक्षा जास्त कामाला येते.

परतीचा मुद्दा राहिला. काही बहाद्दर गाडी चालवत नेतात, आणि मोहही साहजिक आहे. चांदणी चौकात जो एनएच ४८ लागतो तोच बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट इरुंगट्टुकोट्टईच्या दारावरून जातो. पण ते बाराशे किलोमीटर सरळ चालून मागचा टायर मध्ये सपाट होतो. मग तो ट्रॅकवर झोपताना ठेचकाळतो. आणि संध्याकाळी ट्रॅकवरून थकून, कमी केलेल्या हवेवर, तोच प्रवास उलटा. ट्रकचे पैसे वाचवू नका. काहीही झालं तरी ट्रॅकच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधी हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणा.

एवढं सगळं कशासाठी, असं घरचे विचारतात. ओळखीतली दोन मुलं मागच्या काही वर्षांत रविवारी सकाळी ताम्हिणीत पडली. एक अजून नीट चालत नाही. दोघांचे टायर उत्तम होते, महागातले. पण घाटात वळणापलीकडे काय आहे हे टायरला माहीत नसतं, आणि चांगला टायर तिथे उगाच हिंमत देतो. झोपवायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही आहे. ती फेडायची जागा ट्रॅक आहे. ट्रॅकवर एक दिवस पकडीच्या कडेजवळ घालवला की घाटात आपोआप हात आवरतो, कारण कड कुठे असते आणि ती किती पटकन येते हे एकदा कळलेलं असतं.

असो. पुराण फार लांबलं. ट्रॅक-डे पुढच्या वर्षी असो नाहीतर कधीच नसो, आज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन आपल्या टायरवरचे ते चार आकडे तेवढे वाचून या.